‘मी आलो’वरची खूण

परवा रात्री साडेदहाला तपासायला पडद्यावर एक वाक्य आलं. मूळ इंग्रजी अगदी साधं. दवाखान्यातली एक सिस्टर ड्यूटी संपवून घरी पोचते आणि आईला फोनवर तसं सांगते. यंत्रानं मराठी केलं होतं, ‘मी आत्ताच घरी आलो.’ बोलणारी बाई आहे हे आधीच्या दोन वाक्यांत स्वच्छ आलेलं. मी ‘आलो’ निवडलं, चुकीचा प्रकार टाकला ‘व्याकरण, लिंग’, तीव्रता टाकली ‘मोठी’. तेवढ्यात दार वाजलं. आई मागच्या गल्लीतल्या भजनाहून परतली होती. चप्पल काढता काढता आतल्या खोलीकडं तोंड करून म्हणाली, “मी आलो ग. कडी लावू काय?”

बेळगाव-कोल्हापूरकडच्या वाचकांना यात काही नवल वाटणार नाही. आमच्याकडं बाया ‘मी जातो’, ‘मी जेवलो’, ‘मी आलो’ असंच म्हणतात. माझी आज्जी म्हणायची, आई म्हणते, घरात मीही म्हणते. शाळेत बाईंनी ‘मी आले’ शिकवलं, ते वहीत गेलं. जिभेवरचं जिभेवरच राहिलं. कन्नडमध्ये ‘नानु बंदे’ हे बाईनं म्हटलं काय नि पुरुषानं म्हटलं काय, एकच. आमचा ‘आलो’ त्या शेजारातून आला असावा असा माझा समज आहे.

खूण मी काढली नाही. तरी बराच वेळ हात माउसवर तसाच होता. यंत्रानं ‘आलो’ लिहिलं ते आईसारखं बोलायचं म्हणून लिहिलेलं नव्हतं. इंग्रजीत ‘मी’ला लिंग नाही, मराठीत क्रियापदाला ते द्यावंच लागतं, आणि काही ठरवता येईना की यंत्र पुरुष धरतं. शब्द तोच, पण त्यामागं आई नव्हती. या कामात मला रोज हेच बघावं लागतं, की शब्द कुठून आला.

अडीच वर्षं झाली या कामाला. त्याआधी नऊ वर्षं एका मराठी शाळेत शिकवत होते. पट कमी होत गेला, तुकडी बंद झाली, नोकरी गेली. डी.एड.च्या एका मैत्रिणीनं लिंक पाठवली. चाचणी दिली, आठवड्यानं पास झाल्याचं कळलं. वडगावातल्या घरी पुढच्या खोलीत टेबल आहे, शेजारी भिंतीपलीकडं काकांचे दोन यंत्रमाग. माग सुरू असले की कॉल घेता येत नाही, म्हणून काम बहुतेक रात्री.

काम असं. यंत्रानं केलेलं भाषांतर समोर येतं, मूळ मजकूर डावीकडं. जिथं चूक आहे तेवढाच तुकडा निवडायचा, ती कसली चूक आहे ते सांगायचं (अर्थ बदलला, काही गळलं, काही जास्तीचं आलं, व्याकरण, शैली, परिभाषा, अंक-तारखांची पद्धत) आणि किती मोठी तेही. या पद्धतीला एमक्यूएम म्हणतात. आमच्या प्रकल्पात किरकोळ चुकीला 1 आणि मोठीला 5 गुण कापतात. कधी दोन भाषांतरं शेजारी ठेवून कुठलं सरस ते विचारतात आणि कारण लिहायला लावतात. कधी आपणच दुरुस्त करून द्यायचं. गुप्ततेच्या करारामुळं खरी वाक्यं इथं देता येत नाहीत. या लेखातली उदाहरणं मी त्याच धर्तीवर बदलून घेतली आहेत.

गुगल ट्रान्सलेटमध्ये मराठी 2013 साली आली. त्या वेळचं भाषांतर वाचलं की चूक लगेच दिसायची, शब्द इकडचे तिकडे सांडलेले असायचे. 2017 मध्ये मराठीसह नऊ भारतीय भाषांना न्यूरल पद्धत (सुटे तुकडे न जुळवता पूर्ण वाक्य एकदम घेणारी) लावली आणि वाक्यं गुळगुळीत झाली. आता तर मोठी भाषा-मॉडेलं आल्यावर वाक्याला कुठं ठेचच लागत नाही. इथंच तपासणाऱ्याचं काम अवघड झालं. खडबडीत वाक्य वाचणाऱ्याला सावध करतं, गुळगुळीत वाक्य त्याला पुढं ढकलतं. माझे बाबा साडी मागावरून उतरली की दारात नेऊन उजेडापुढं धरायचे. वरून बघितलं तर कापड चांगलंच दिसायचं. उजेडात धरल्यावर तुटलेली तार दिसायची. मी प्रत्येक वाक्य दोनदा वाचते, एकदा मूळ झाकून नि एकदा मूळ उघडून, ही सवय बाबांची.

आता हंगेरियनबद्दल, कारण हा लेख लिहायला बसले ते त्या बाईंमुळं.

मागच्या वर्षी एका प्रकल्पात आम्ही नऊ भाषांचे लोक होतो. महिन्यातून एकदा सगळ्यांचा कॉल व्हायचा, ज्याला त्याला आपापल्या भाषेतल्या अडचणी मांडायच्या असायच्या. मराठीची मी एकटी. हंगेरियनच्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या, त्याही पूर्वी शिक्षिका. पहिल्याच कॉलला त्यांनी सांगितलं, आमच्या भाषेत तो आणि ती वेगळे नाहीतच, दोघांना एकच सर्वनाम. मग इंग्रजी करताना यंत्र स्वतःच ठरवतं कोण कोण ते. 2021 साली अशा काही हंगेरियन वाक्यांचं गुगल ट्रान्सलेटनं केलेलं इंग्रजी जगभर फिरलं होतं. मुळात सगळीकडं तेच एक सर्वनाम, आणि भाषांतरात ती सुंदर, तो हुशार, तो वाचतो, ती भांडी धुते. बाईंनी ते वाचून दाखवलं तेव्हा कुणीच काही बोललं नाही.

मी माझी अडचण सांगितली, ती बरोबर उलटी. तुम्हाला लिंग नाही, आम्हाला तीन. आणि ती सर्वनामात थांबत नाहीत, क्रियापदात जातात, विशेषणात जातात. हंगेरियनमधून मराठीत यायचं तर मध्ये इंग्रजी. हंगेरियन-मराठी अशी शेजारी ठेवलेली वाक्यं मिळणार किती? म्हणून पुष्कळदा मधली भाषा इंग्रजी होते, यंत्राच्या पोटात तरी. हंगेरियननं जे सांगितलंच नाही ते इंग्रजी घालते आणि मराठी त्याला पक्कं करते. दोन पायऱ्यांत एका माणसाची बाई होते किंवा बाईचा माणूस. शेवटचं मराठी वाक्य मात्र निर्दोष.

त्या कॉलनंतर आम्ही दोघी अधूनमधून लिहू लागलो. इंग्रजीतच, दुसरं साधन नाही. त्यांनी एकदा घड्याळाची गंमत सांगितली. साडेसातला ते ‘फेल न्योल्त्स’ म्हणतात, शब्दशः अर्धा आठ. पावणेआठ म्हणजे तीन-चतुर्थांश आठ. आणि सव्वासात म्हणजे पाव आठ. येणाऱ्या तासाचा किती भाग भरला ते सांगायचं. ब्रिटिश बोलीत ‘अर्धा आठ’ याच्याच धर्तीचा शब्दप्रयोग साडेआठसाठी आहे, त्यामुळं शब्दाला शब्द लावला की एक तास चुकतो. मी त्यांना आपलं पावणेआठ उलगडून दाखवलं, की आम्हीही येणाऱ्या आठाचंच नाव घेतो, पाव कमी आठ. सव्वा आणि साडेला मात्र गेलेला तास. त्यांना ते इतकं आवडलं की दीड, अडीच, औटसुद्धा लिहून घेतलं.

औषधाच्या माहितीपत्रकात याची किंमत कळते. त्यांच्याकडं दशांशाला स्वल्पविराम वापरतात. आपण जिथं 2.5 लिहू तिथं ते 2,5 लिहितात. भाषांतरात तो स्वल्पविराम गळला की अडीच मिलिग्रॅमचे पंचवीस. अशा चुकीला 5 गुण कापून भागत नाही, म्हणून तिला वेगळी सर्वांत वरची पायरी आहे. आमच्याकडं हेच दुसऱ्या वाटेनं होतं. ‘दशलक्ष’ हा शब्द शुद्ध आहे, पण रविवार पेठेतल्या व्यापाऱ्याला पंधरा दशलक्ष सांगा, तो थांबून हिशेब करेल. दीड कोटी म्हटलं तर लगेच कळेल. मी याला शैलीची किरकोळ चूक टाकते आणि प्रत्येक वेळी कारण लिहिते.

मग नात्यांचे शब्द. हंगेरियनमध्ये थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ यांना वेगवेगळे शब्द आहेत, ‘बात्य’ आणि ‘अच’. थोरली बहीण ‘नवेर’, धाकटी ‘हूग’. हे वाचल्यावर मी लगेच उत्तर लिहिलं, कारण कन्नडमध्ये हेच आहे: अण्ण, तम्म, अक्क, तंगी. आम्ही सीमाभागातले मराठी लोकही अण्णा आणि अक्का म्हणूनच हाक मारतो. पण कन्नडमधून मराठीत यंत्रानं आणलं की अण्णही भाऊ, तम्मही भाऊ, कारण मध्ये इंग्रजीतून आले आणि इंग्रजीत दोघांना एकच शब्द. गोष्टीत थोरला भाऊ जमीन विकतो आणि धाकटा अडवतो असं असेल, तर मराठीत ‘भाऊ जमीन विकतो आणि भाऊ अडवतो’. शिवाय त्या ‘नवेर’ शब्दाचा दुसरा अर्थ नर्स. आपण सिस्टर म्हणतो तसंच. बाईंनी हे सांगितलं आणि मला आमच्या दवाखान्यांतल्या सगळ्या सिस्टर डोळ्यांपुढं आल्या.

इंग्रजी मध्ये असल्यानं काय होतं हे मी कामात रोज बघत होते. घरात ते घडलं तेव्हा मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

आईला विधवा वेतन मिळतं. गेल्या पावसाळ्यात एका कचेरीतून कन्नडमध्ये पत्र आलं. आमच्या भागात सगळी पत्रं कन्नडमध्येच येतात. ती मराठीतही मिळावीत ही मागणी फार जुनी आहे. मला कन्नड वाचता येतं, हळू येतं, पण येतं. त्या दिवशी माझी बॅच, म्हणजे तपासायच्या वाक्यांचा गठ्ठा, संध्याकाळी सहाला बंद होणार होती. मी मान वर न करता भाच्याला म्हटलं, फोन धर त्यावर आणि आज्जीला वाचून दाखव. त्यानं दाखवलं. आईनं ऐकलं, पत्र देव्हाऱ्यामागं ठेवलं. पुढं दोन महिने वेतन आलं नाही.

मी विचारलं, “पत्रात काय होतं ग?”

“काय नाही. त्यांनी कागदं द्यायची हाईत म्हणून होतं. त्यांनीच देणार तर मी कशाला जाऊ?”

मी पत्र काढून स्वतः वाचलं. कन्नड वाक्य होतं, ‘सदरियवरु दाखलेगळन्नु सल्लिसतक्कद्दु.’ सदरियवरु म्हणजे सदर व्यक्ती, आदरार्थी. सदर व्यक्ती म्हणजे माझी आई. सदर व्यक्तीनं कागदपत्रं सादर करावीत. भाच्याच्या फोनमध्ये तो मजकूर अजून होता: ‘त्यांनी कागदपत्रे सादर करावीत.’ काय झालं असेल ते मला तिथल्या तिथं दिसलं. कन्नडमधलं आदराचं रूप इंग्रजीत गेल्यावर अनेकवचन झालं, आणि ते अनेकवचन मराठीत ‘त्यांनी’ होऊन उतरलं. एका बाईला दिलेल्या मानातून कुठलीतरी परकी माणसं तयार झाली.

मला सगळ्यांत लागलं ते ‘सदर’चं. हा शब्द कन्नड सरकारी कागदात आहे आणि मराठी सरकारी कागदातही आहे. ‘सदर इसम’, ‘सदर अर्जदार’ आपण कितीतरी वेळा वाचतो. कचेरीच्या कारकुनानं जो शब्द लिहिला तो आईला जसाच्या तसा कळला असता. मधल्या भाषेत तो धुऊन गेला. आमच्या शेजारच्या अक्कांना, त्या घरी कन्नड बोलतात, मी ते पत्र दाखवलं. त्यांनी वाचता वाचताच तोंडानं मराठी केलं, “सदर बाईंनी कागद नेऊन द्यायचे म्हणतात बघा.” एका दमात, इंग्रजीच्या पायरीला पाय न लावता. दुसऱ्या दिवशी अक्काच आईबरोबर कचेरीत गेल्या. अडकलेले दोन हप्ते पुढं मिळाले.

तेव्हापासून माझ्या समोर कुठलंही ‘ते’, ‘त्यांनी’, ‘त्यांचे’ आलं की मी मूळ वाक्यात तो माणूस शोधते. सापडेपर्यंत पुढं जात नाही. एका टास्कला सात मिनिटं धरलेली असतात, माझी कधी बारा होतात. त्याचे पैसे मिळत नाहीत.

नावांचा प्रश्न याहून अवघड.

1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. 1 नोव्हेंबर 2014 पासून इंग्रजीत अधिकृत नाव बेळगावी झालं. आमच्या गाइडलाइनमध्ये लिहिलंय, शहरांची अधिकृत नावं वापरावीत. म्हणून मराठी भाषांतरात ‘बेळगावी’ आलं तर चूक धरायची नाही, ‘बेळगाव’ आलं तर मात्र धरायची. मी याबद्दल प्रकल्पाला लिहिलं. भावनेचा एक शब्द घातला नाही, फक्त व्याकरण लिहिलं. मराठीत ‘ई’ लागून जुनी सप्तमी होते: घरी, गावी, दारी. ‘त्यांचा जन्म बेळगावी झाला’ याचा मराठी वाचकाला अर्थ लागतो, बेळगाव या ठिकाणी झाला. यंत्र लिहितं, ‘बेळगावीमध्ये पाऊस’. मराठी कानाला ते ‘घरीमध्ये’ म्हटल्यासारखं लागतं. कन्नडमध्ये नावाचा तो शेवट स्वाभाविक असेल, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण मराठीत तो प्रत्यय होऊन बसतो.

हंगेरियन बाईंना मी हे कळवलं, त्यावर आलेलं त्यांचं उत्तर मी तीनदा वाचलं.

त्या राहतात रुमानियात. पहिल्या महायुद्धानंतर 1920 मध्ये त्रियानोंचा तह झाला, हंगेरीचा मोठा भाग शेजारच्या देशांत गेला, आणि लाखो हंगेरियन भाषक घर न बदलता परदेशात राहायला लागले. त्यांच्या शहराला रुमानियन लोक क्लुज म्हणतात, 1974 पासून अधिकृत नाव क्लुज-नापोका. हंगेरियन लोक म्हणतात कोलोझ्वार. इथवर मला वाटलं, आमच्यासारखंच. पुढं त्यांनी प्रत्ययाचं लिहिलं होतं. हंगेरियनमध्ये ‘शहरात’ म्हणायला दोन वेगवेगळे प्रत्यय आहेत, एकाचा मूळ अर्थ ‘वर’ आणि दुसऱ्याचा ‘आत’. हंगेरीतल्या बहुतेक गावांना ‘वर’चा लागतो, परदेशातल्या शहरांना ‘आत’चा. अपवाद आहेत, पण सर्वसाधारण कल हाच. बुडापेस्टला ‘वर’चा. रुमानियाची राजधानी बुखारेस्ट, तिला ‘आत’चा: बुकारेश्तबेन. आणि कोलोझ्वार, तेही रुमानियातच, पण त्याला आजही ‘वर’चा: कोलोझ्वारोन. सीमा सरकून शंभराहून जास्त वर्षं झाली. प्रत्यय सरकला नाही.

त्यांनी पुढं एवढंच लिहिलं होतं की त्यांच्या बॅचमध्ये एकदा यंत्रानं क्लुज हे नाव तसंच ठेवून त्याला ‘आत’चा प्रत्यय लावला होता, व्याकरणदृष्ट्या चालण्यासारखं, आणि त्यांना ते वाक्य चार तास पुढं सोडवेना. मला ते पूर्ण कळलं. अशा चुकीला यादीत प्रकार नाही. अर्थ बदललेला नाही, व्याकरण ठीक, स्पेलिंग अधिकृत. तरी ते वाक्य त्या गावच्या माणसानं लिहिलेलं नाही हे त्या गावचा माणूस पहिल्या नजरेत ओळखतो.

प्रकल्पाकडून मला उत्तर आलं ते असं: अधिकृत नाव राहील, पण ‘बेळगावीमध्ये’ ही रचना शैलीची चूक धरता येईल. अर्धं मिळालं. मी ते घेतलं आणि पुढच्या महिन्यात परत लिहिलं.

सगळेच वाद इतके शांतपणे मिटत नाहीत. कन्नडमधून मराठीच्या एका बॅचमध्ये मूळ शब्द होता ‘उप्पिट्टु’. यंत्रानं ‘उपमा’ केलं. मी दुरुस्त करून ‘उप्पीट’ लिहिलं, आणि पुढं एका वाक्यात कुरमुऱ्यांचे ‘चिरमुरे’. गोष्ट बेळगावच्या स्टँडवरची होती. तिथं कुणी गाडीवाल्याला उपमा मागत नाही. माझ्यावरच्या रिव्ह्यूअरनं दोन्ही शब्द ‘अप्रमाण, प्रादेशिक’ म्हणून लाल केले, माझा गुणांक उतरला आणि त्या आठवड्याची पुढची बॅच मला मिळाली नाही. मला हे फार लागलं. पैशाचं होतंच, पण त्याहून, उप्पीट हा शब्द मी शोधून काढलेला नव्हता. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, इतक्या भागातली माणसं सकाळी तेच खातात आणि तेच म्हणतात. मी मराठीत अर्धं पान लिहून त्याखाली इंग्रजी जोडलं. हंगेरियन बाईंनीही मला धीर दिला. त्यांच्याकडं बटाट्याला बुडापेस्टचे लोक ‘क्रुम्प्ली’ म्हणतात आणि त्यांच्या भागात ‘पित्योका’, त्यावरून त्यांची अशीच लढाई झाली होती. तीन आठवड्यांनी माझी चूक ‘किरकोळ’वर आली. पुसली गेली नाही.

प्रमाण मराठीशी माझं भांडण नाही. नऊ वर्षं मी तीच शिकवली, हा लेखही तिच्यातच लिहिते आहे. औषधाची चिठ्ठी, परीक्षेची सूचना, बँकेचा निरोप नागपूरपासून निपाणीपर्यंत सगळ्यांना कळायला हवा, तिथं मी आईच्या ‘आलो’वर खूण करीन. पण ही भाषांतरं आणि आमच्या खुणा पुढच्या यंत्राच्या शिकवणीत जातात. गोष्टीतल्या, बोलण्यातल्या प्रत्येक उप्पिटाचा उपमा करत गेलो, तर यंत्राला आमच्या भागात मराठी माणसं राहतात हे कळणार कुठून? म्हणून मी दर वेळी कॉमेंटच्या चौकटीत दोन ओळी लिहिते. सक्तीचं नाही, त्याचेही पैसे नाहीत. परवाच्या त्या सिस्टरच्या वाक्याखालीही लिहिलं: इथं चूक आहे, कारण संदर्भ तटस्थ आहे. बोलणारी बाई बेळगाव-कोल्हापूरकडची असेल तर ‘आलो’ बरोबर, तेव्हा या शब्दाला सरसकट चूक शिकवू नये.

सोमवारी कन्नड-मराठीची नवी बॅच उघडते आहे. नात्यांच्या शब्दांची एक यादी सुरुवातीलाच जोडून द्यायची परवानगी या वेळी मिळाली. तक्ता मी केला. डाव्या रकान्यात बाईंनी पाठवलेले हंगेरियन चार, प्रकल्पाला त्यांचा उपयोग नाही तरी ठेवले. मधल्या रकान्यात अण्ण, तम्म, अक्क, तंगी. मराठीच्या रकान्यात अण्णा किंवा दादा, अक्का किंवा ताई लगेच भरले. तम्म आणि तंगीच्या घरांशी अडकले. थोरल्यांना हाका आहेत, धाकट्यांना एका शब्दाची हाकच सापडेना. आई शेजारी शेंगा सोलत बसली होती, तिला विचारलं.

“धाकट्याला नावानंच बोलावायचं असतंय की,” ती म्हणाली. “त्याला आणि वेगळं काय?”

मी त्या दोन घरांत ‘धाकटा भाऊ’ आणि ‘धाकटी बहीण’ लिहिलं, आणि खाली टीप टाकली की हाक मारताना नाव वापरावं, ‘भाऊ’ वापरू नये.